चमकणाऱ्या रेणूंची संथ चाल

स्वयंपाकघरात हिंग-मोहरीची फोडणी बसते आणि दिवाणखान्यात बसलेल्याला दुसऱ्याच क्षणी शिंक येते. शाळेत 'विसरण' शिकवताना हेच उदाहरण दिले जाते. वासाचे रेणू दाटीकडून विरळ भागाकडे आपोआप पसरतात, असे मुले पाठ करतात. दुसरे ठरलेले उदाहरण म्हणजे पाण्याच्या पेल्यात सोडलेला शाईचा थेंब. दोन्ही उदाहरणे सगळ्यांना चटकन पटतात. गंमत अशी, की या दोन्हींत खऱ्या विसरणाचा वाटा अगदीच किरकोळ असतो.

हिशेब सोपा आहे. वासाचा एखादा रेणू हवेत विसरणाने पसरतो तो साधारण सेकंदाला ०.१ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी या दराने. खोलीतली हवा पूर्णपणे स्तब्ध असेल, तर केवळ विसरणाच्या जोरावर पाच मीटर अंतर कापायला त्या वासाला दोन आठवड्यांच्या आसपास लागतील. फोडणीचा वास क्षणात पोहोचतो तो कढईवरून उठणाऱ्या गरम हवेमुळे, पंख्यामुळे, दारातून येणाऱ्या झुळकीमुळे. शाईचेही तसेच. थेंब पाण्यापेक्षा थोडा जड असतो, म्हणून तो खाली बसू लागतो. पाण्यात आधीपासून असलेले लहानमोठे प्रवाह त्याचे धागे ओढत नेतात. आपण पाहतो ते वाहणे. विसरण त्याच्या आडोशाला, अत्यंत सावकाश चाललेले असते.

मग खरे विसरण पाहायचे कसे आणि मोजायचे कसे? जगातील अनेक महाविद्यालये आणि विद्यापीठे आता पदवीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हाच प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवतात. उत्तरासाठी मदत घेतली जाते ती चमकणाऱ्या रंगांची.

अंतर दुप्पट, वेळ चौपट

द्रवातील रेणू कधीच स्वस्थ नसतो. शेजारचे रेणू त्याला सतत धक्के देत असतात, कधी इकडून तर कधी तिकडून. मागच्या धक्क्याची आठवण पुढच्या धक्क्याला नसते. गर्दीच्या जत्रेत डोळे मिटून चालणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते. पावले पुष्कळ पडतात, पण मूळ जागेपासून तो फारसा दूर जात नाही. अशा चालीचा नियम असा, की दुप्पट अंतर जायला चौपट वेळ लागतो आणि दसपट अंतर जायला शंभरपट.

हा नियम शरीराच्या रचनेत खोलवर रुजलेला आहे. प्राणवायूचा रेणू पाण्यात १० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण एका पेशीएवढे अंतर, सेकंदाच्या चाळिसाव्या भागात कापतो. एक मिलिमीटरला मात्र सुमारे चार मिनिटे लागतात, एक सेंटिमीटरला जवळजवळ सात तास आणि दहा सेंटिमीटरला महिनाभर. म्हणूनच जिवाणूला हृदयाची गरज पडत नाही आणि माणसाला पडते. आपल्या बहुतेक पेशी कुठल्या ना कुठल्या केशवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आतच असतात. शेवटचा तेवढा टप्पा विसरणावर सोडलेला असतो, बाकीची ने-आण रक्त करते. कर्करोगाची गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी होताना नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, त्यामागेही हेच गणित आहे.

विसरणाचा नियम गणितात पहिल्यांदा बसवला तोही एका शरीरक्रिया शास्त्रज्ञाने. अडॉल्फ फिक हा जर्मन संशोधक पंचविशीत असताना, १८५५ साली, मीठ पाण्यात कसे पसरते हे मोजून त्याने ते नियम मांडले. याच फिकने पुढे १८७० मध्ये हृदय मिनिटाला किती रक्त फेकते हे काढण्याची पद्धत सुचवली. पुढे १९०५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवले, की हे पसरणे म्हणजे रेणूंच्या आंधळ्या धक्काबुक्कीचाच परिणाम आहे. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली कणांची थरथरही त्याच धक्काबुक्कीची.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा रंग

रेणू डोळ्याला दिसत नाही, पण त्याला चमकवता येते. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषतात आणि जवळजवळ लगेच दुसऱ्या, कमी ऊर्जेच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. याला फ्लुरोसन्स, मराठीत प्रतिदीप्ती, म्हणतात. जांभळ्या अतिनील दिव्याखाली धुतलेला पांढरा शर्ट निळसर उजळतो तो साबणाच्या पुडीतील अशाच द्रव्यामुळे. टॉनिक वॉटरमधले क्विनाइन निळे चमकते आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेली हळद हिरवट-पिवळी.

फ्लुरेसिन हा या कुळातला सर्वांत परिचित रंग. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी तो १८७१ मध्ये तयार केला. डोळ्यात कचरा गेला म्हणून नेत्रतज्ज्ञाकडे गेलेल्या अनेकांनी तो पाहिलेला असतो. डॉक्टर नारिंगी कागदी पट्टी डोळ्याला हलकेच लावतात, निळा दिवा पाडतात आणि बुबुळावर जिथे ओरखडा असेल तिथे हिरवी रेघ उजळते. मधुमेही रुग्णांच्या दृष्टिपटलातील गळक्या रक्तवाहिन्या शोधतानाही हाच रंग शिरेतून देतात. ती तपासणी १९६१ मध्ये विकसित केली ती दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला फ्लुरेसिन सोयीचा आहे, कारण तो निळ्या प्रकाशाने उजळतो आणि हिरवा प्रकाश देतो. मध्ये योग्य रंगाचा फिल्टर धरला की निळा अडतो आणि रंगाच्या रेणूंकडून येणारा प्रकाश तेवढा कॅमेऱ्यात जातो. काळ्या पार्श्वभूमीवर किती रेणू कुठे आहेत याचा जणू नकाशाच मिळतो. लाखांश प्रमाणातला रंगही त्यात दिसतो. इतका विरळ रंग पाण्याचे वजन बदलत नाही, त्यामुळे शाईच्या थेंबासारखा तो बुडतही नाही.

पदवीच्या पहिल्या वर्षी एरंडेल तेलाने भरलेल्या उंच नळीत छर्रे सोडून तेलाची व्हिस्कॉसिटी काढण्याचे प्रॅक्टिकल अनेकांनी केलेले असते. त्यामागचा घर्षणाचा नियम जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी याच स्टोक्स यांनी क्विनाइनच्या निळ्या चमकेचा अभ्यास करून 'फ्लुरोसन्स' हा शब्द रूढ केला. चमकणाऱ्या रंगाने विसरण मोजताना त्यांची ही दोन्ही कामे एका टेबलावर येतात. रंगाचा रेणू हा जणू अतिसूक्ष्म छर्राच. उष्णतेचे धक्के त्याला ढकलतात, द्रवाचे घर्षण अडवते, आणि या दोन्हींच्या गुणोत्तरावरून त्याचा विसरण गुणांक ठरतो.

चायना ग्रास, निळा दिवा आणि मोबाइल

या प्रयोगाच्या सर्वांत साध्या आवृत्तीला महागडे यंत्र लागत नाही. वाण्याकडे चायना ग्रास म्हणून मिळणारे अगार पाण्यात उकळून पातळ जेली करतात. जेली का, तर तिच्या जाळीत पाणी अडकून राहते आणि प्रवाह थांबतात. लहान रेणू मात्र त्या जाळीतून जवळजवळ मोकळ्या पाण्यासारखेच फिरू शकतात. शाईच्या थेंबाने जी फसवणूक केली होती, ती इथे बंद होते.

सपाट बाजूंची पारदर्शक डबी घेतात, कारण गोल परीक्षानळी स्वतःच भिंगासारखी वागते. तळाशी साधी जेली ओतून ती घट्ट होऊ देतात. तिच्यावर फ्लुरेसिन मिसळलेल्या जेलीचा दोनेक मिलिमीटरचा थर आणि त्यावर पुन्हा साधी जेली. अगारचा एक गुण इथे कामी येतो. ते वितळते सुमारे ८५ अंशांना, पण घट्ट होते ३५-४० अंशांपर्यंत खाली आल्यावर. त्यामुळे ४५ अंशांची कोमट जेली वर ओतली तरी खालचा थर वितळत नाही. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात, कारण आम्लता वाढली की फ्लुरेसिनची चमक उतरते. बाजूने निळा एलईडी, समोर फिल्टर लावलेला मोबाइल किंवा वेबकॅम, आणि दर पंधरा मिनिटांनी आपोआप एक फोटो.

सुरुवातीला हिरवी पट्टी धारदार दिसते. तासाभरात तिच्या कडा विरतात. चार तासांनी ती रुंद, मंद आणि मध्यभागी फुगलेली होते. प्रत्येक फोटोतून उजेडाचा आलेख काढला की घंटेच्या आकाराची वक्ररेषा मिळते आणि तिची रुंदी मोजता येते. रुंदीचा वर्ग उभ्या अक्षावर आणि वेळ आडव्या अक्षावर घेतली की सरळ रेषा यायला हवी. फ्लुरेसिनचा विसरण गुणांक २५ अंश तापमानाच्या पाण्यात सेकंदाला सुमारे ४२५ चौरस मायक्रोमीटर असतो. त्या हिशेबाने रुंदीचा वर्ग तासाला साधारण तीन चौरस मिलिमीटरने वाढतो. रेषेच्या चढाचा निम्मा भाग म्हणजे विसरण गुणांक. एवढेच गणित.

प्रत्यक्षात मात्र रेषा इतक्या सरळपणे येत नाही, आणि शिकणे खरे तिथूनच सुरू होते.

रीडिंग चुकले की शिकवण मिळते

पहिली अडचण येते ती शून्याची. रेषा आरंभबिंदूतून जायला हवी असे विद्यार्थ्यांना वाटते, म्हणून ते ती ओढूनताणून तिथून नेतात. पण पट्टी सुरुवातीलाच दोन मिलिमीटर रुंद होती, शिवाय कोमट जेली ओतताना ती थोडी मिसळलीही असेल. रेषा शून्याच्या वर सुरू होणे हीच खरी गोष्ट. ती जबरदस्तीने शून्यातून नेली, तर चढ खोटा येतो. आलेखावर न दिसणारी एखादी सुरुवातही आकड्यात मोजली जाते, हे कळायला अशी एक चूक पुरते.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची. मोबाइलचा फोटो डोळ्याला छान दिसावा म्हणून बनवलेला असतो, मोजमापासाठी नव्हे. पट्टी मंद झाली की मोबाइल स्वतःहून उजेड वाढवतो. तसे होऊ नये म्हणून सेटिंग एकाच जागी बांधून ठेवावी लागतात. त्यानंतरही फोटोतला उजेड दुप्पट म्हणजे रंग दुप्पट असे नसते. यावर उपाय एकच: आधी पूर्ण, निम्मा, पाव, अष्टमांश अशा ज्ञात प्रमाणांचे द्रावण करून त्यांचे फोटो घ्यायचे आणि कॅमेरा किती खरे बोलतो ते पाहायचे. रंग फार गडद केला तरी घोटाळा होतो. पुढचे रेणूच निळा प्रकाश खाऊन टाकतात, मागचे अंधारात राहतात आणि दाट भाग आहे त्यापेक्षा विरळ भासतो.

तिसरी अडचण तापमानाची, आणि ती भारतीय प्रयोगशाळेत विशेष जाणवते. २० अंशांवरून ३० अंशांवर गेले की पाणी पातळ होते आणि विसरण गुणांक सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. जानेवारीच्या सकाळी काढलेला आकडा आणि एप्रिलच्या दुपारी काढलेला आकडा जुळला नाही, तर चूक विद्यार्थ्याची असेलच असे नाही. पण त्याने शेजारी थर्मामीटर ठेवला नसेल, तर मात्र ती त्याची.

चौथी अडचण सर्वांत रंजक आहे. फ्लुरेसिनचा रेणू पुन्हा पुन्हा चमकवला की कधीतरी कायमचा विझतो. म्हणून दिवा सतत चालू ठेवायचा नसतो, फोटोपुरताच लावायचा असतो. पाहण्याच्या क्रियेनेच पाहायची वस्तू बिघडते, हे इथे डोळ्यांदेखत घडते.

विझलेला ठिपका

याच दोषाचे जीवशास्त्रज्ञांनी हत्यार केले. सूक्ष्मदर्शकाखाली चमकणाऱ्या पृष्ठभागावरचा एक छोटा गोल तीव्र प्रकाशाने मुद्दाम विझवायचा आणि तो पुन्हा किती वेळात उजळतो ते पाहायचे. विझलेले रेणू परत पेटत नाहीत. ठिपका उजळतो तो आजूबाजूचे न विझलेले रेणू आत सरकल्यामुळे. जितक्या लवकर उजळेल तितके विसरण वेगवान. १९७६ मध्ये या पद्धतीचे गणित नीट बांधले गेले आणि 'फ्रॅप' या आद्याक्षरी नावाने ती जगभर रुळली.

पेशीचे आवरण हे घट्ट भिंतीसारखे नसून तेलाच्या पातळ थरासारखे प्रवाही असते, ही आज पाठ्यपुस्तकात असलेली गोष्ट अशाच चमकेमुळे कळली. १९७० मध्ये दोन संशोधकांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जोडली. दोघींच्या आवरणावरील प्रथिनांना वेगवेगळ्या रंगांच्या चमकणाऱ्या खुणा केल्या. सुरुवातीला अर्धी पेशी एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या रंगाची होती, पण शरीराच्या तापमानाला चाळीसेक मिनिटांत दोन्ही रंग सर्वत्र मिसळून गेले.

पेशीच्या आतला भाग किती दाटीवाटीचा आहे, हेही चमकच सांगते. जेलीफिशमध्ये सापडलेले हिरवे चमकणारे प्रथिन, ज्याच्या शोध आणि विकासाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, पाण्यात सेकंदाला सुमारे ८७ चौरस मायक्रोमीटर या गतीने पसरते. सस्तन प्राण्यांच्या पेशीत तेच प्रथिन तीन पटींहून जास्त मंदावते. ई. कोलाय या जिवाणूच्या आत तर सुमारे आठवर येते, म्हणजे जवळजवळ अकरापट मंद. पेशीत शिरलेल्या औषधाला किंवा प्रथिनाला अशा गर्दीतूनच वाट काढावी लागते.

पदवीच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग देताना शिक्षकाला वेळेचा विचार करावा लागतो. ५० मायक्रोमीटर त्रिज्येचा ठिपका साध्या पाण्यात दीडेक सेकंदात भरून येऊ लागतो. विझवण्यालाच त्याहून जास्त वेळ लागला, तर मोजायला काही उरत नाही. ग्लिसरीन मिसळून द्रव पाण्याच्या शंभरपट घट्ट केला, की हाच काळ अडीच मिनिटांवर जातो आणि साध्या कॅमेऱ्यानेही तो पकडता येतो. म्हणजे प्रयोग करायच्या आधीच विद्यार्थ्याला कागदावर अंदाज बांधावा लागतो. ठरलेल्या कृतीबरहुकूम चालणाऱ्या प्रॅक्टिकलमध्ये ही सवय क्वचितच लागते.

तिसरा मार्ग मण्यांचा. एक मायक्रोमीटर जाडीचे चमकणारे प्लास्टिकचे मणी पाण्यात सोडून सूक्ष्मदर्शकातून त्यांची चित्रफीत घेतात. असा मणी सेकंदाला साधारण दीड मायक्रोमीटर भरकटतो. शेकडो मण्यांच्या भरकटण्याची सरासरी काढली की त्यातून बोल्ट्झमन स्थिरांक मिळतो, म्हणजे तापमान आणि रेणूंची ऊर्जा यांना जोडणारा आकडा. फ्रान्सच्या झाँ पेराँ यांनी १९०८ पासून राळेच्या कणांवर असेच कष्टाचे मोजमाप केले आणि अणू खरोखर असतात याबद्दलचा उरलासुरला संशय संपवला. १९२६ चे नोबेल त्यांना याच कामाशी निगडित मिळाले. 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स' या अध्यापनाला वाहिलेल्या नियतकालिकात २००३ मध्ये चित्रफितीवरून हा स्थिरांक मोजण्याचा विद्यार्थ्यांसाठीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील एमआयटीमध्ये जैव-अभियांत्रिकीचे पदवी विद्यार्थी एका अभ्यासक्रमात भिंगे, दिवे आणि फिल्टर जोडून फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक स्वतःच उभारतात आणि अशा मण्यांचा मागोवा घेतात.

तीन दशके चाललेला आकडा

या सगळ्या खटाटोपातून विद्यार्थ्याच्या हाती येणारा आकडा पुस्तकात आधीच छापलेला असतो. मग तो पुन्हा काढायचा कशाला? या प्रश्नाचे उत्तर रोडामाइन ६जी नावाच्या आणखी एका चमकणाऱ्या रंगाच्या कहाणीत आहे.

१९७२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मॅग्डी, एल्सन आणि वेब या तिघांनी विसरण मोजण्याची एक नाजूक पद्धत मांडली. लेसरचा झोत द्रवात एका अतिसूक्ष्म जागी एकवटायचा. त्या जागेत एका वेळी रंगाचे मोजकेच रेणू असतात. ते आत-बाहेर करतात तशी चमक कमी-जास्त होते. रात्री रस्त्यावरच्या दिव्याखालून माणसे जातात तसेच हे. माणूस किती वेळ उजेडात दिसला हे मोजले आणि उजेडाचे वर्तुळ किती रुंद आहे हे माहीत असले, तर त्याच्या चालण्याचा वेग कळतो.

अडचण इतकीच, की लेसरच्या त्या वर्तुळाची रुंदी थेट मोजणे कठीण. त्यावर सोपी युक्ती रुळली: ज्याची गती आधीच माहीत आहे असा रंग आधी सोडायचा, त्यावरून वर्तुळाची रुंदी काढायची आणि मग आपला नमुना तपासायचा. हा मापाचा रंग म्हणजे रोडामाइन ६जी. त्याची गती १९७४ मध्ये सेकंदाला २८० चौरस मायक्रोमीटर अशी मोजली गेली होती. पुढे तीसहून अधिक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांनी तो आकडा मापाच्या वजनासारखा वापरला.

२००८ च्या सुमारास वेगवेगळ्या पद्धतींनी ही गती पुन्हा काळजीपूर्वक मोजली गेली, तेव्हा ती ४०० च्या पुढे, २५ अंशांना सुमारे ४१४ निघाली. तापमानातला थोडा फरक धरला तरी जुना आकडा बराच कमी होता. दुकानातले वजनच हलके असेल, तर त्यावर तोललेला प्रत्येक माल चुकतो. तसेच या मापावर बेतलेले इतर रेणूंचे विसरण गुणांकही त्याच प्रमाणात कमी आले होते. १९७४ च्या संशोधकांनी हयगय केली होती असे नव्हे. नव्या पद्धतीचा तो सुरुवातीच्या काळातला आकडा होता, त्या काळच्या साधनांनी काढलेला. चूक झाली ती नंतर: आकडा छापलेला आहे, सगळे वापरतात, मग तो बरोबरच असणार, या समजुतीत.

ही पद्धत आज आरोग्य संशोधनात रोजच्या वापरात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी अल्झायमरशी जोडलेल्या अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे रेणू सुटे आहेत की एकमेकांना चिकटून पुंजके बनवत आहेत, हे याच तंत्राने तपासले आहे. पुंजका मोठा झाला की तो मंद फिरतो, इतके साधे तत्त्व. पण 'मंद' म्हणजे किती मंद, हे ठरवायला हातातले माप खरे असावे लागते. याच तत्त्वाचा विद्यार्थ्यांसाठीचा एक प्रयोगही २००५ मध्ये त्याच अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

जर्नलमधली उलटी रीडिंग

आपल्याकडे बीएस्सीचे प्रॅक्टिकल कसे होते, हे त्यातून गेलेल्यांना सांगायला नको. मागच्या वर्षीची जर्नल मिळवायची, अपेक्षित उत्तर पाहायचे आणि उत्तरावरून उलट्या दिशेने रीडिंग लिहायची. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाला उत्तर जुळलेले हवे असते, विद्यार्थ्याला सही हवी असते. या व्यवहारात कोणाचेच नुकसान होत नाही असे वाटते. नुकसान होते ते पुढे, हाच विद्यार्थी औषध कंपनीच्या चाचणी विभागात किंवा रोगनिदान प्रयोगशाळेत बसतो आणि समोरचा आकडा 'यायला हवा तसा' आला नाही तर काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

चमकणाऱ्या रंगाचा प्रयोग या सवयीला थोडा आडवा येतो. रंगाचे प्रमाण, जेलीचा दाटपणा, खोलीचे तापमान आणि कॅमेरा दर वेळी वेगळा असल्यामुळे शेजारच्या टेबलावरचा आकडा उतरवून भागत नाही. फोटोंची मालिका तारखेसह जपलेली असते, तिच्यावरून कोणीही पुन्हा हिशेब करू शकतो. आणि आकड्यापुढे 'अधिक-उणे इतके' हे लिहिल्याशिवाय तो कशाशी जुळतो किंवा जुळत नाही हे म्हणताच येत नाही. जेलीत सेकंदाला ३८० अधिक-उणे ५० असे उत्तर आले, तर ४२५ शी ते जुळते. ४२४ असे नेमके उत्तर आले आणि चूक किती हे लिहिलेच नाही, तर परीक्षकाने जास्त प्रश्न दुसऱ्याला विचारायला हवेत.

खर्चाचा बाऊ करण्याचे फारसे कारण नाही. सूक्ष्मदर्शकावरच्या प्रयोगांना साधने आणि शिकवणारा माणूस लागतो हे खरे. पण जेलीच्या डबीचा प्रयोग तालुक्याच्या महाविद्यालयातही उभा राहू शकतो. निळ्या एलईडीकडे थेट पाहायचे नाही, नारिंगी चष्मा लावायचा, रंग हाताळताना हातमोजे घालायचे, एवढी पथ्ये पाळावी लागतात. खरी अडचण वेळापत्रकाची आहे. तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये चार तासांचे विसरण मावत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या चार वर्षांच्या पदवीत संशोधन प्रकल्पाला जागा आहे. अशा प्रयोगाला ती चांगली शोभते, कारण त्यात रंग बदलता येतो, साखर घालून द्रव घट्ट करता येतो, जेली दाट करून मोठे रेणू जाळीत कधी अडकू लागतात ते पाहता येते. त्यातली काही उत्तरे कुठल्याही गाइडात मिळणार नाहीत.

संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करताना डबी तशीच टेबलावर ठेवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी निळा दिवा लावल्यावर धारदार पट्टीचा मागमूसही दिसत नाही. दोन-तीन सेंटिमीटर उंचीभर एक मंद हिरवा उजेड पसरलेला असतो. रात्रभरात कोणी डबी हलवली नाही, ढवळली नाही, तिच्यात वारा शिरला नाही. फोडणीच्या वासाने आणि शाईच्या थेंबाने जे दाखवायचे म्हणून सांगितले होते, ते इथे पहिल्यांदा खरोखर झालेले असते. आता फक्त किती झाले ते मोजायचे, शेजारचे थर्मामीटर वाचायचे आणि आलेला आकडा आहे तसा जर्नलमध्ये लिहायचा.